बुजरा घोडा ‘तयार’ करून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेला आमचा कुमेत (तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा) काठियावाडी घोडा स्वभावाने गरीब, पण अतिशय बुजरा होता. उसाच्या ट्रॉलीवरची ताडपत्री फडफडली की तो बिथरायचा आणि पाठीवरचे खोगीर जरासे सरकले तरी त्याला आवरणे कठीण व्हायचे. पळून जीव वाचवणे हा घोड्याचा स्वभावच आहे, आणि पाठीवरून पोटाकडे सरकणारी वस्तू त्याला अंगावर झेपावलेल्या श्वापदासारखी वाटते. मुलगी त्याच्यावर बसायला शिकणार असल्यामुळे त्याची ही भीती मोडण्यासाठी आम्ही त्याला एका चाबुकस्वाराच्या, म्हणजे घोडे शिकवणाऱ्याच्या तबेल्यात ठेवले. “दादा, खोगीर पोटाखाली लोंबलं तरी हा जागचा हलणार नाही,” असा शब्द त्याने दिला आणि अर्धे पैसे आगाऊ घेतले.

ठरलेल्या दिवशी त्याने आमच्यासमोर घोड्याच्या अंगावर ताडपत्री टाकली, कानाशी ढोल वाजवला, तोंडासमोर छत्री उघडली आणि शेवटी तंग (खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा) सैल करून खोगीर कुशीवर उतरवले. घोडा मान खाली घालून शांत उभा होता. आम्ही त्याचा व्हिडिओ काढला, उरलेले पैसे दिले आणि घोडा घरी आणला.

दुसऱ्या दिवशी खरारा करताना, म्हणजे अंग घासताना, त्याच्या डाव्या कानातून कापसाचा घट्ट बोळा निघाला. मग आम्ही खोगीर चढवले. तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवतात, त्यामुळे चार पावले चालवून तो पुन्हा आवळावा लागतो. त्यासाठी त्याला चालवत असतानाच खोगीर कुशीवर सरकले आणि घोडा जो उधळला तो पोटाखालच्या खोगिराला लाथा हाणत तारेच्या कुंपणातून आरपार गेला. मागच्या पायाचे कातडे गुडघ्यापासून खाली फाटले. त्या क्षणी मुलगी पाठीवर असती तर काय झाले असते, हा विचार आजही सहन होत नाही.

टाके घालायला आलेल्या पशुवैद्यांनी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला आणि आम्हाला एकेक गोष्ट दाखवली. खालचा ओठ लोंबत होता, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी वर आली होती, इंद्रिय बाहेर लोंबत होते आणि तोल सांभाळण्यासाठी मागचे पाय फाकवलेले होते. अ‍ॅसेप्रोमेझिन किंवा झायलाझिनसारख्या गुंगीच्या औषधाने घोडा असा दिसतो आणि काही तासांत असर ओसरतो. अ‍ॅसेप्रोमेझिनमुळे नर घोड्याचे इंद्रिय कायमचे लुळे पडण्याचाही धोका असतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की गुंगीतला घोडाही अचानक दचकून लाथ झाडू शकतो, म्हणजे त्या दिवशी जवळ उभे असलेले आम्ही सगळेच धोक्यात होतो. पुढे त्या तबेल्यात घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारानेच इंजेक्शन आणि कापूस या दोन्ही गोष्टी कबूल केल्या.

खरे काम कसे चालते ते आता रोज पाहतो आहोत. घोडदळातून निवृत्त झालेले एक दफेदारकाका घोड्याला नव्याने शिकवत आहेत. काका फडके आधी लांबूनच दाखवतात, आणि घोड्याने मान सैल सोडून तोंड चघळायला सुरुवात केली की त्याच क्षणी मागे घेतात, कारण बिथरलेला असताना फडके हटवले तर बिथरल्यावर सुटका होते हेच तो शिकतो. डाव्या अंगाने सवय झाली तरी उजव्या अंगाने सगळे पुन्हा करावे लागते. सरकत्या खोगिराची भीती मोडण्यासाठी सुरुवात खोगिरापासून होतच नाही: आधी मऊ दोर पाठीवरून, कुशीवरून, मागच्या पायांवरून घसरू देतात, मग नुसता पट्टा, मग हलकी गादी, आणि हे सारे स्वार नसताना, गोल रिंगणात. कोणताही घोडा कधीच दचकणार नाही, अशी हमी काकांनी दिलेली नाही, आणि म्हणूनच त्यांच्यावर आमचा विश्वास बसला.

घोडा कोणाकडे शिकायला ठेवला असेल तर न कळवता, वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहावे. प्रात्यक्षिकासाठी ताडपत्री आणि छत्री आपली न्यावी, घोड्याच्या कानात बोटाने चाचपून पाहावे, आणि तबेल्यातले त्याच्या ओळखीचे खोगीर न वापरता आपले खोगीर घालायला सांगावे. शंका आली तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडून रक्ताचा नमुना घ्यावा. आम्हाला संशय येईपर्यंत ती वेळ निघून गेली होती. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता घोडा घरी नीट वागल्यावरच द्यावा, असे कागदावर लिहून घ्यावे.

आम्ही व्हिडिओ, पैसे दिल्याच्या नोंदी आणि पशुवैद्यांचा लेखी अभिप्राय जोडून पोलिसांकडे तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठी आहे, आणि जनावराला अपायकारक औषध विनाकारण देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. तक्रार देताना पोलिसांना ही दोन्ही कलमे सांगावीत, नाहीतर प्रकरण नुसते पैशांच्या देण्याघेण्याचे म्हणून बाजूला ठेवले जाते.