मोक बाईच्या चौकीवर अडकलेले आम्ही चौघे

फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हिएतनाम आणि कंबोडिया यांच्या सीमेवर, मोक बाई या व्हिएतनामच्या बाजूच्या चौकीवर, आमच्यावर जो प्रसंग ओढवला, तो मी आजवर फक्त घरच्यांना आणि वकिलांना सांगितला होता. परंतु उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नाशिकमधून पूर्वेकडच्या देशांत जाणाऱ्यांची संख्या वाढते आणि बहुतेकांचे व्हिसाचे काम एखाद्या ओळखीच्या एजंटाकडे असते, म्हणून तो आता सविस्तर लिहीत आहे. एजंटाचे नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून ग्राहक आयोगापुढे आहे.

मी नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालो. आपल्या देशाचे पासपोर्ट याच प्रेसमध्ये छापले जातात. त्यामुळे नातेवाइकांत कोणाला परदेशी जायचे असले की कागदपत्रांबद्दल मलाच विचारले जाते, आणि या सहलीतही माझी पत्नी, माझी थोरली बहीण आणि दाजी असे तिघेही कागदांच्या बाबतीत माझ्या भरवशावर होते. पासपोर्टच्या कागदाची पारख मला होती, पण दुसऱ्या देशाने दिलेला व्हिसा ओळ न ओळ वाचला पाहिजे, हे मला त्या दिवशी सीमेवर उभे राहून कळले.

एजंट प्रेसमधल्याच एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. कॉलेज रोडला त्याचे छोटेसे कार्यालय आहे. आमचा बेत असा होता की मुंबईहून विमानाने हो ची मिन्ह सिटी, तेथून बसने कंबोडियात नॉम पेन्ह आणि सिएम रीप, आणि परत बसनेच हो ची मिन्ह सिटीला येऊन मुंबईचे विमान. जाण्या-येण्याचे तिकीट एकत्र काढल्याने स्वस्त पडत होते. म्हणजे व्हिएतनाममध्ये आम्हाला दोनदा प्रवेश करायचा होता. ही गोष्ट मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितली. त्यावर तो म्हणाला, "काका, व्हिसाचं तुम्ही काही बघू नका. मल्टिपलच काढतो सगळ्यांचा." तसा संदेशही त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला. तो संदेश मी पुसला नाही, हे पुढे उपयोगी पडले.

येथे थोडी माहिती देणे आवश्यक आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो आणि तो दोन प्रकारचा असतो. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसाचे सरकारी शुल्क २५ डॉलर आहे आणि अनेकदा प्रवेश देणाऱ्याचे ५० डॉलर. एजंटाने आमच्याकडून माणशी ७,५०० रुपये, म्हणजे चौघांचे ३०,००० रुपये घेतले आणि २५ डॉलरवाला व्हिसा काढला. त्या वेळच्या दराने त्याचा खर्च माणशी सुमारे २,२०० रुपये झाला असावा. मेहनताना घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. मल्टिपलचे पैसे घेऊन सिंगल व्हिसा हातात ठेवणे, ही फसवणूक आहे.

व्हिसाच्या प्रती त्याने निघण्याच्या दोन दिवस आधी, रात्री अकराच्या सुमारास मोबाइलवर पाठवल्या. नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीच्या तारखा मी चष्मा लावून दोनदा तपासल्या. त्याच पानावर हा व्हिसा किती प्रवेशांसाठी आहे, हे एका शब्दात छापलेले असते. तिथे ‘सिंगल’ असे होते. माझी नजर त्यावरून गेली असणार, पण मल्टिपल मिळाल्याचे मनात इतके पक्के बसले होते की तो शब्द मी वाचलाच नाही.

जाताना काहीच अडचण आली नाही, आणि यातला खरा धोका हाच आहे. पहिला प्रवेश विमानतळावर सुरळीत झाला. कंबोडियाला जाताना मोक बाईच्या चौकीवर व्हिएतनाममधून बाहेर पडल्याचा शिक्का बसला, समोर बावेतला कंबोडियाचा शिक्का बसला. बसचा कंडक्टर सर्वांचे पासपोर्ट गोळा करून खिडकीवर देतो आणि शिक्के मारून परत आणतो, त्यामुळे प्रवाशाला आपण काय ओलांडले याची जाणीवही होत नाही. बाहेर पडल्याचा शिक्का बसला त्या क्षणी आमचा व्हिएतनामचा व्हिसा संपला होता. अंगकोर वाट पाहताना, बाराव्या शतकात सूर्यवर्मन दुसरा याने बांधलेल्या त्या विष्णुमंदिराच्या भिंतीवर कोरलेले समुद्रमंथन ताई कितीतरी वेळ उभी राहून बघत होती, तेव्हा आमच्यापैकी कोणालाही याची कल्पना नव्हती.

परतीचा दिवस शुक्रवार होता. सकाळी नॉम पेन्हहून निघालेली बस दुपारी एकच्या सुमारास बावेतला पोहोचली. कंबोडियातून बाहेर पडल्याचे शिक्के बसले. पलीकडे मोक बाईच्या खिडकीवर मात्र कंडक्टर चार पासपोर्ट वेगळे घेऊन परत आला. अधिकाऱ्याने काचेतून आमचा ई-व्हिसा दाखवला आणि पेनाच्या टोकाने ‘सिंगल’ या शब्दाखाली रेघ ओढली. वन टाइम, फिनिश्ड, एवढेच तो बोलला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, उर्मटपणा नव्हता. नियम होता तो त्याने सांगितला. कंडक्टरने बसच्या पोटातून आमच्या चार बॅगा काढून कडेला ठेवल्या, आणि दहा मिनिटांत बस निघून गेली.

कंबोडियाचा व्हिसाही एकाच प्रवेशाचा असल्याने तोही वापरून संपला होता. एका देशातून बाहेर पडल्याचा शिक्का बसलेला आणि दुसऱ्यात शिरल्याचा बसत नाही, अशा स्थितीत कागदोपत्री आम्ही कोणत्याच देशात नव्हतो. ताई बॅगेवर बसून होती. दाजींना मधुमेह आहे; त्यांच्या इन्सुलिनच्या पिशवीतला बर्फ वितळून पिशवी ओली झाली होती आणि पत्नी ती रुमालात गुंडाळून सावलीत धरून उभी होती.

मी एजंटाला फोन लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला. व्हिसा सिंगल निघाल्याचे सांगितल्यावर त्याला आश्चर्य वाटल्याचे मला जाणवले नाही. तो म्हणाला, "काका, घाबरू नका. तिथे सगळं मॅनेज होतं. मी एका माणसाचा नंबर देतो, तो तुम्हाला पलीकडे सोडेल. सगळे तसंच करतात." संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त संताप याच वाक्याचा आला. पैसे खाणे एक वेळ समजू शकते, पण साठी ओलांडलेल्या चार माणसांना व्हिसाशिवाय चोरवाटेने परक्या देशात शिरायला सांगणे, हे त्याने नेहमीचे काम असल्यासारखे सांगितले.

तो माणूस अर्ध्या तासात मोटरसायकल घेऊन आला, सोबत आणखी एक जण होता. माणशी १५० डॉलर, कॅसिनोंच्या मागून भातशेतांतून जाणारी वाट, आणि पासपोर्ट आधी त्याच्याकडे द्यायचे. शिक्का नंतर मिळेल, असे तो म्हणत होता. दाजी जवळजवळ तयार झाले. बऱ्याच वर्षांपूर्वी ते यात्रा कंपनीच्या बसने सोनौलीमार्गे पशुपतिनाथाला गेले होते, आणि सीमा म्हणजे जकात नाक्यासारखे काहीतरी, अशी त्यांची समजूत होती. नेपाळचे वेगळे आहे. तेथे भारतीय नागरिकांना व्हिसाच लागत नाही. तो अनुभव दुसऱ्या कोणत्याही सीमेला लावता येत नाही.

मी दाजींना सांगितले, "दाजी, शिक्का नसेल तर रात्री विमानतळावर आपण काय दाखवणार?" विमानतळावरचा अधिकारी आधी प्रवेशाची नोंद पाहतो आणि मगच बाहेर पडण्याचा शिक्का मारतो. आमच्या नोंदीत शेवटची ओळ देशाबाहेर गेल्याची होती, आणि आम्ही मात्र देशाच्या आत उभे असतो. बेकायदा प्रवेशासाठी दंड, अटक, हद्दपारी, पुढे त्या देशात प्रवेशबंदी, यांपैकी काहीही होऊ शकले असते. वाटेत अपघात झाला असता किंवा दाजींची साखर उतरली असती, तर प्रवास विम्याच्या कंपनीनेही हात वर केले असते. अशा वेळी आपला दूतावास तुरुंगात येऊन भेटू शकतो, नातेवाइकांना कळवू शकतो, वकिलांची यादी देऊ शकतो. त्या देशाचा कायदा मात्र तो बाजूला सारू शकत नाही.

दुसरी भीती त्याहून मोठी होती, आणि ती तरुण मुलामुलींच्या पालकांनी समजून घ्यावी. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांचे पासपोर्ट काढून घेऊन त्यांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपणारे जे अड्डे कंबोडियात आहेत, त्यांपैकी काही याच बावेत गावात असल्याचे मी वाचले होते. मार्च २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने कंबोडियातून सुमारे २५० भारतीयांची सुटका केल्याचे जाहीर केले होते. पुढे मार्च २०२५ मध्ये, आम्ही परतल्यानंतर महिन्याभरात, म्यानमारच्या अशाच अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी आणले गेले. त्यांतल्या अनेकांना थायलंडपर्यंत रीतसर नेऊन तेथून व्हिसाशिवाय सीमेपलीकडे नेले होते. अनोळखी माणसाच्या हाती पासपोर्ट देऊन शेतातून पलीकडे जाणे म्हणजे त्याच वाटेने जाणे आहे. मी पासपोर्ट दिले नाहीत. तो माणूस बराच वेळ घुटमळला, शंभर डॉलरवर आला, आणि शेवटी निघून गेला.

आम्ही बॅगा ओढत पुन्हा बावेतच्या चौकीवर गेलो आणि जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. बरीच विचारपूस झाली, पण प्रत्येकी ३० डॉलर भरल्यावर कंबोडियाचा नवा व्हिसा मिळाला. संध्याकाळी सहाला टॅक्सी करून आम्ही पुन्हा नॉम पेन्हला निघालो. व्हिएतनामचा नवा ई-व्हिसा काढायचा तर कामाचे तीन दिवस लागतात आणि मध्ये शनिवार-रविवार होते, त्यामुळे रात्रीचे विमान तर गेलेच होते. भारतीय दूतावासाच्या फोनवर मिळालेला सल्लाही हाच होता की सीमेकडे परत जाऊ नका, नॉम पेन्हहूनच थेट घरी जा. रविवारी आम्ही बँकॉकमार्गे मुंबईला आलो. दाजींचे इन्सुलिन आदल्या दिवशीच संपले होते, ते नॉम पेन्हच्या औषधांच्या दुकानात मिळाले. नवी तिकिटे, टॅक्सी, हॉटेल आणि व्हिसा मिळून सुमारे १,६०,००० रुपये गेले, जुनी तिकिटे वाया गेली ती वेगळीच.

नाशिकला आल्यावर एजंट म्हणाला की व्हिसा तपासून घेण्याची जबाबदारी प्रवाशाची आहे. पावतीवर त्याने केवळ ‘टूर चार्जेस’ असे लिहिले होते, व्हिसाचा प्रकारही नाही आणि रकमेची फोडही नाही. अशी पावती घेऊ नये. व्हिसाचा देश, प्रवेशांची संख्या, सरकारी शुल्क आणि एजंटाचा मेहनताना हे चारही तपशील लिहून मागावेत. देत नसेल तर त्याच्याकडून काम करून घेऊ नये. आमच्याकडे व्हॉट्सॲपचा संदेश आणि यूपीआयची नोंद होती, त्यामुळे वकिलांची नोटीस गेल्यावर त्याने ३०,००० रुपये परत केले. उरलेल्या नुकसानीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ही तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

एप्रिलमध्ये जेल रोडला राहणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाचा फोन आला. त्याच एजंटाकडून ते सहा जण त्याच मार्गाने निघाले होते आणि मुलांना अंगकोर दाखवून परत व्हिएतनामला यायचे होते. मी त्यांना व्हिसा समोर घेऊन प्रवेशाची ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. पलीकडे काही क्षण कोणी बोलले नाही. निघायला नऊ दिवस होते. त्यांनी त्याच रात्री सरकारी संकेतस्थळावर, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असते, स्वतः अर्ज भरले आणि माणशी ५० डॉलर कार्डाने भरले. पाचव्या दिवशी सहाही व्हिसा आले. आलेले प्रत्येक पान त्यांनी मला फोनवर वाचून दाखवले.