तीन पिढ्या घेऊन सराफ्यात: कुठे बसायचं, काय मागवायचं, पैसे कोणी द्यायचे

इंदूरच्या सराफ्यात दिवसा दागिने विकतात आणि रात्री त्याच बंद दुकानांपुढे खाण्याचे ठेले लागतात, हे दिवाळीला पुण्याहून आलेल्या नातवंडांनाही पाठ असतं. अडतं ते आजीच्या गुडघ्यांपाशी, नातवाच्या झोपेपाशी. तेवढ्यापुरतंच हे परीक्षण.

शनिवार-रविवार टाळा आणि नवाच्या सुमारास पोचा. फार लवकर गेलात तर ठेले मांडणं चालू असतं. अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते. रिक्षा राजवाड्यापाशी सोडा, पुढे थोडंच चालायचं आहे. खुर्च्या जवळजवळ नाहीतच. बंद पेढीचा ओटा हीच बैठक, आणि तो आधी धरावा लागतो. आजी आणि सून ओट्यावर, आजोबा आणि नातू ठेल्यावर, मुलगा मधल्यामधे प्लेटा पोचवायला. मुलगाच ऑर्डर द्यायला लागला की आजोबा पाहुण्यासारखे बाजूला उभे राहतात. गाव त्यांचं, यजमानही तेच. त्यांना नोटा मोजू द्याव्यात. मोबाइल काढून स्कॅन करायची घाई नको.

आता खाणं. भुट्ट्याचा कीस आजीसाठी पहिला: किसलेला मका दुधात शिजवलेला, मऊ, कवळीला त्रास नाही. पण हिरवी मिरची आधीच शिजलेली असते, त्यामुळे ‘कम तीखा’ म्हणून उपयोग नाही. लहानग्याला आधी चमचाभर चाखवा. खोपरा पॅटिसचं तसं नाही. बटाट्याच्या आवरणात खोबऱ्याचं सारण, तिखटपणा बहुतेक चटणीतच. ती वेगळी मागा. सारण बराच वेळ चटके देतं, म्हणून पॅटिस फोडूनच मुलाच्या हातात द्या.

गराडू फक्त थंडीत. कंदाच्या फोडी तळून, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडक तळतात, वर जीरावन, म्हणजे इंदुरी मसाला, आणि लिंबू. गार झाला की सालपटासारखा चिवट होतो आणि आजोबांची दाढ दुखते, म्हणून ओट्यापर्यंत न नेता ठेल्यापाशीच संपवावा. रक्तदाब असेल तर जीरावन बाजूला मागावं, त्यात काळं मीठ भरपूर.

साबुदाण्याच्या खिचडीवरून मात्र वाद होणार. इथली खिचडी तुपाच्या फोडणीत दाण्याचं कूट घालून परतलेली नसते. वाफवलेला मोकळा साबुदाणा गरम ठेवलेला असतो. मागितली की शेंगदाणे, फराळी चिवडा, मसाला, कोथिंबीर, लिंबू घालून समोर कालवतात. रामबागेतल्या, म्हणजे इंदूरच्या मराठी वस्तीतल्या, आजीला ती भेळ वाटते. नातवाला हीच खिचडी घरी हवी असते, आणि सुनेने इथे कोणाचीच बाजू घेऊ नये. कालवण्याआधी सांगितलं तर मिरची टाळता येते. एकादशी असेल तर चिवडा कशाचा ते विचारा.

जोशींच्या दुकानात दहीवड्याचा दोना हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले सोडतात. नातवाला आजोबांच्या पुढे, अगदी काउंटरला लागून उभं करा. मागून काही दिसत नाही.

गोडाला जलेबा, म्हणजे भलीमोठी जिलबी: एकच पाव किलोच्या पुढे भरतो, पाचजणांत एक पुरे. आजोबांना मधुमेहाची गोळी चालू असली तरी ते नातवाच्या हातातला तुकडा मोडून घेणारच. तेवढ्या वेळ सुनेने रबडीकडे बघावं. शिकंजी म्हणजे इथे लिंबू सरबत नव्हे, दाट दुधाची, सुक्यामेव्याची. मुलाला अर्धा ग्लास दिला तरी जेवण झाल्यासारखं होतं.

पाचपैकी चार गुण. एक बसायला जागा नाही म्हणून कापला. गल्लीत घुसणाऱ्या दुचाकींचा हिशेब केला तर अजून अर्धा जाईल.

परतताना झोपलेलं नातवंड बापाने उचलावं. आजोबा मागतील, नाही म्हणावं. राजवाड्यापर्यंत ते मिरवत नेतील आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरणार नाहीत.