एडीएचडीची तपासणी: खासगीत केली, सरकारीतही केली

मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा किंवा अतिचंचलतेचा त्रास, आहे का हे तपासायचं होतं. सरकारी दवाखान्यात नाव घातलं होतं, पण यादी एवढी लांब की त्याचं वर्ष वाया जाणार हे दिसत होतं. म्हणून मधल्या काळात खासगीत तपासणी उरकली. पुढे सरकारीतही नंबर लागला, आणि तो आम्ही सोडला नाही. आता गोळ्या सुरू होऊन बरेच महिने झालेत, तेव्हा दोन्हीकडचं सांगते. लोक विचारतात, लवकर कुठे होतं? मी म्हणेन, रिपोर्ट हातात आल्यावर पुढचं कोण बघणार, ते आधी विचारा.

कसोट्या दोन्हीकडे त्याच होत्या, २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेतल्या. सतरा वर्षं किंवा त्यापुढच्या माणसात लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी निदान पाच खुणा हव्यात, त्यातल्या काही तरी वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेल्या हव्यात, आणि त्रास एकाहून जास्त ठिकाणी जाणवायला हवा. म्हणजे फक्त कॉलेजात लक्ष लागत नाही, एवढ्यावर भागत नाही.

खासगीतली मुलाखत मला मनापासून आवडली. आधी जागतिक आरोग्य संघटनेची अठरा प्रश्नांची एएसआरएस प्रश्नावली भरून घेतली, पण ती नुसती चाळणी. खरं काम त्यानंतरचं. नुसत्या 'हो'वर मुलाखत घेणाऱ्या बाई पुढे सरकतच नव्हत्या. ‘कामं अर्धवट राहतात?’ ‘हो.’ ‘अलीकडचं एखादं सांग.’ मग चिरंजीव म्हणाले, परीक्षेचा फॉर्म पूर्ण भरला होता, फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं, आणि तो तसाच उघडा पडून मुदत टळली. हे मलाही तेव्हाच कळलं! नंतर मला वेगळं बसवून त्याच्या लहानपणाबद्दल विचारलं. जुनी प्रगतिपुस्तकं जपली असतील तर जरूर न्या. ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ हा शेरा आमच्याकडे इयत्ता बदलली तरी बदलला नव्हता, आणि तो तिथे पुरावा म्हणून कामी आला.

रिपोर्ट छान, सविस्तर आला. अडचण त्यापुढे. एडीएचडीवरची मिथाइलफेनिडेट ही काही डोकेदुखीची गोळी नव्हे. कमी डोसपासून सुरुवात, मग हळूहळू वाढ, आणि दर वाढीनंतर रक्तदाब, नाडी, वजन बघायचं. यातली प्रत्येक भेट खासगीत वेगळ्या पैशाची, आणि हे तपासणीआधी कुणी बोललं नव्हतं. नेहमीच्या डॉक्टरांनी बाहेरच्या रिपोर्टवर ही गोळी लिहून द्यायला साफ नकार दिला. राग आला होता, पण त्यांचंही चूक नव्हतं. तुम्ही खासगीत जाणार असाल, तर पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना हे विचाराच.

सरकारीत मुलाखत आटोपशीर झाली, खरं तर घाईतच. खासगीचा रिपोर्ट त्यांनी वाचला, पण त्यावर शिक्का मारून मोकळे झाले नाहीत. झोप किती, चिंता किंवा उदासी आहे का, नशापाणी, घरात हृदयविकार, सगळं विचारलं आणि थायरॉइडही तपासून घेतलं. खासगीत यातली निम्मी चौकशीसुद्धा झाली नव्हती. झोप अपुरी असली तरी माणूस असाच विसरभोळा वागतो, त्यामुळे मला हे जास्त पटलं. आणि गोळी सुरू झाल्यावर भूक मेली, तेव्हा फोन केल्यावर नर्सनं लगेच वेळ दिली, डोस एक पायरी खाली आणला. पुढची प्रत्येक तपासणी त्याच खिडकीवर, वेगळा खर्च नाही.

गोळीचा फरक विचाराल तर लेक्चरला बसवतं, नोट्स पुऱ्या होतात. खोलीतला पसारा होता तिथेच आहे.

सरकारीबद्दल एकच तक्रार. परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून कॉलेजला पत्र लागत होतं. ते मागितलं, पुन्हा मागितलं, अजून आलेलं नाही. शेवटी खासगीचाच रिपोर्ट जोडून अर्ज दिला आणि तो मंजूर झाला.