पणजीतलं रविवारचं डी अँड डी: डीएमवर डोळे झाकून भरवसा ठेवावा असं टेबल

पणजीच्या मळा भागात एक छोटा बोर्ड गेम कॅफे आहे, तिथे रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, म्हणजे आपापलं पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा गेम) असतं, सलग चार रविवार गेलोय म्हणून लिहितोय. गेम १९७४ पासूनचा, पण मजा सगळी डीएमवर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरवर. आधी एका ग्रुपात होतो तिथला डीएम स्क्रीनमागे फासे टाकायचा आणि आकडे बदलतोय असं सारखं वाटायचं, मन उडालं. इथे पहिल्याच दिवशी सेशन झिरो, म्हणजे खेळाआधीची बोलणी, गेममध्ये काय नको ते प्रत्येकाला विचारलं. मी म्हटलं कोणी बुडायचा सीन नको. का ते विचारलं नाही, फक्त वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या रविवारी गोष्टीत नदी आली, माझ्या पोटात गोळाच आला, तर डीएमने गुपचूप काठाला होडी बांधून ठेवलेली!

लढाईत फासे सगळ्यांसमोर पडतात. माझं रोग (rogue, चोरटं) पात्र मेलं, तीन डेथ सेव्ह (मरणापासून वाचायला टाकायचे फासे) फेल, डोळ्यात पाणी आलं खरंच, पण फसवलं असं एकदाही वाटलं नाही.

पार्किंग नाही, चहा ठीकठाक. नवीन असाल तरी बिनधास्त जा, फासे तिथेच मिळतात.