मुलांचं इंटरनेट: राउटरवर गाळणी की फॅमिली लिंक?

राउटरवरची गाळणी म्हणजे घरच्या वायफायवरच नको त्या साइट अडवणं, आणि फॅमिली लिंक म्हणजे मुलाच्या फोनवर लक्ष ठेवणारं गूगलचं अ‍ॅप. दोन्ही उपाय फुकट आहेत, म्हणून खर्चाचा प्रश्न नाही. फरक मेहनतीत आणि आवाक्यात आहे.

राउटरचं काम पंधरा मिनिटांचं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (काही राउटरवर १९२.१६८.०.१) उघडा, डीएचसीपीच्या (घरातल्या यंत्रांना नेटची सेटिंग देणाऱ्या) पानावर पहिला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) १.१.१.३ आणि दुसरा १.०.०.३ भरा. हा क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीचा अश्लील आणि घातक साइट अडवणारा पत्ता. दुसऱ्या रकान्यात जुना डीएनएस तसाच राहिला, तर नको त्या साइट अधूनमधून उघडतात. बहुतेकांची गाडी इथेच अडते. राउटरचा मूळ पासवर्डही लगेच बदला. फॅमिली लिंकला मुलाचं स्वतंत्र गूगल खातं लागतं आणि नव्या अ‍ॅपच्या परवानग्या सतत तुमच्या फोनवर येत राहतात.

राउटरमुळे टीव्ही, लॅपटॉप सगळं एकदम येतं. पण मोबाइल डेटा सुरू केला की गाळणी संपली, आणि यूट्यूबच्या आतलं तिला दिसतच नाही. फॅमिली लिंक डेटावरही चालतं, रोजची वेळ ठरवतं, रात्री फोन बंद करतं. मात्र आयफोन किंवा विंडोज लॅपटॉपला त्याने कुलूप लागत नाही. आईबाबांचाच फोन मुलाच्या हातात जात असेल, तर फॅमिली लिंकचा काडीचा उपयोग नाही, कारण खातं तुमचं असतं.

घरातली यंत्रं सामायिक असतील तर राउटर. मुलाचा स्वतःचा अँड्रॉइड टॅब असेल तर फॅमिली लिंक. टॅबमध्ये सिमही असेल, तर दोन्ही लावाच.