ट्रॉट्स्कीची ट्रेन की झेकांची ऑर्लिक?

रशियन यादवीतल्या या दोन चिलखती गाड्या, पण कामं एकदम वेगळी. ट्रॉट्स्की म्हणजे बोल्शेविकांच्या (कम्युनिस्टांच्या) लाल सेनेचा प्रमुख, त्याची ट्रेन ऑगस्ट 1918 मध्ये मॉस्कोहून कझानजवळच्या स्वियाझ्स्कला निघाली, आत छापखाना, तारयंत्र, रेडिओ, लायब्ररी, मोटारींचं गॅरेज, म्हणजे चालतंफिरतं मुख्यालयच, आणि वर स्वतःचा पेपर पण निघायचा, ‘व्ह पुती’ म्हणजे ‘वाटेवर’, मला हे भयंकर आवडतं! ऑर्लिकचा जीव मात्र लढाईतच. मूळची 1916 ची झाअमुरेत्स नावाचा चिलखती डबा, इंजिन स्वतःचंच, फिरत्या बुरुजांत 57 मिमीच्या दोन तोफा. जुलै 1918 मध्ये सिंबिर्स्कला झेक लीजनने, म्हणजे रशियात लढणाऱ्या झेक-स्लोव्हाक सैनिकांच्या फौजेने, बोल्शेविकांकडून हिसकावली आणि सायबेरियन रेल्वेवर वापरली. निव्वळ मारामारीला ऑर्लिकच भारी, पण पराभूत सैन्य पुन्हा उभं करायला ट्रॉट्स्कीचीच हवी.