ब्रॉडकास्टिफायचं अर्काइव्ह: अर्ध्या तासाच्या फाइलीत कामाची चाळीस सेकंदं

गेल्या महिन्यात आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर दुपारी ३:५२ ला मेसेज आला: "मागच्या गल्लीत घरफोडी, चोर अजून आत आहे, स्कॅनरवर ऐकलं." पाच मिनिटांत चोराचे दोन झाले, मग त्यांच्या हातात हत्यारही आलं. स्कॅनर म्हणजे पोलीस-अग्निशमनवाल्यांचा रेडिओ पकडणारं यंत्र; ते बोलणं इंटरनेटवर ऐकवणाऱ्या ब्रॉडकास्टिफाय या साइटचं प्रीमियम माझ्याकडे आहे (नवऱ्याच्या मते वायफळ खर्च). रात्री जेवणं उरकून दुपारचं रेकॉर्डिंग शोधायला बसले.

पोलिसांचा रेडिओ लाइव्ह ऐकणं फुकट, जुनं ऐकायला पैसे. आपल्या भागाचा फीड (तिथल्या रेडिओचं प्रक्षेपण) निवडायचा, तारीख टाकायची, की अर्ध्या-अर्ध्या तासाच्या एमपी३ फाइली समोर येतात. शब्द टाइप करून शोधायची सोय नाही, सगळं कानावर. मी फाइल उतरवून ऑडॅसिटीत उघडते; या प्रोग्रॅममध्ये आवाज रेघेसारखा दिसतो. शांतता म्हणजे सपाट रेघ, बोलणं म्हणजे टेकाड. एका टेकाडावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेलं की अर्धा तास सात-आठ मिनिटांत उरकतो.

सापडलं! डिस्पॅचरबाई (पोलिसांना रेडिओवरून कामावर धाडणाऱ्या) म्हणतात, "रेसिडेन्शियल ॲलार्म, रिअर डोअर." बस, एवढंच. चोराचा उल्लेखच नाही. अकरा मिनिटांनी पोलीस सांगतो: घरमालकाची आई आहे, वयस्कर, इंग्रजी येत नाही, सगळं ठीक. मावशी बहुतेक तुळशीला पाणी घालायला मागच्या दाराने निघाल्या असणार. घराचा पत्ताही स्वच्छ ऐकू येतो. तो माझ्यापाशीच ठेवला.

मधलं एक उत्तर मात्र गायब होतं. स्कॅनर एका वेळी एकच चॅनल पकडतो; तिकडे अग्निशमनवाले बोलत असले की इकडचं निसटतं. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये नाही म्हणून घडलंच नाही, असं छातीठोक सांगता येत नाही. पण "स्कॅनरवर ऐकलं" म्हणणाऱ्यालाही पुरावा मागावाच. १९ एप्रिल २०१३ च्या पहाटे, बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर, पोलिसांनी स्कॅनरवर एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव संशयित म्हणून घेतलं, असं ट्विटरभर झालं. नंतर रेकॉर्डिंग तपासलं तर त्यात ते नाव नव्हतंच. त्या मुलाचा स्फोटांशी काही संबंध नव्हता.

पैसे भरण्याआधी आपल्या गावाचा फीड आहे का ते बघा. बरीच पोलीस खाती रेडिओ एन्क्रिप्ट करतात, म्हणजे बाहेरच्यांना तो ऐकताच येत नाही; न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनीही २०२३ मध्ये सुरुवात केली.

ग्रुपवर मी लिहिलं, "नुसता ॲलार्म वाजला होता, चोर नव्हता." तीन अंगठे आले आणि एक प्रश्न: "मग हत्यार कुणाकडे होतं?"